ढगाळ आठवड्यात बॅटरीचा खरा हिशेब : व्हिक्ट्रॉन स्मार्टशंटचे परीक्षण

ज्या घरापर्यंत महावितरणची लाइन पोहोचलेली नाही आणि ज्याची सारी भिस्त छतावरच्या पॅनलवर व एका लिथियम बॅटरीवर आहे, तिथे पावसाळ्यात रोज संध्याकाळी एकच प्रश्न उभा राहतो. बॅटरीत आत्ता किती वीज शिल्लक आहे आणि उद्याही ऊन पडले नाही तर ती कुठपर्यंत पुरेल? गगनबावडा तालुक्यात, घाटमाथ्याला लागून असलेल्या आमच्या शेतघरात हा प्रश्न जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाठ सोडत नाही. घरात सुमारे दोन किलोवॉटचे पॅनल, पॅनलची वीज बॅटरीत भरणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, ४८ व्होल्टचा तीन केव्हीएचा इन्व्हर्टर आणि लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १६ सेलची, ५१.२ व्होल्ट व १०० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी अशी मांडणी आहे. या मांडणीत व्हिक्ट्रॉन या नेदरलंडमधील कंपनीचा ५०० अँपिअरचा स्मार्टशंट, म्हणजे बॅटरीत जाणारा-येणारा प्रवाह मोजणारे उपकरण, बसवून मी तो कडक उन्हाळ्यात आणि भर पावसातही वापरला. माझा निष्कर्ष आधीच नोंदवतो. योग्य जोडणी आणि योग्य सेटिंग केलेला हा शंट अशा घरातील सर्वांत उपयोगी उपकरणांपैकी एक आहे, पण पेटीतून काढून मूळ सेटिंगवर तसाच वापरला तर तो लिथियम बॅटरीबाबत आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतो.

मुळात अशा उपकरणाची गरज का पडते, हे आधी पाहू. ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी वापरलेल्या माणसाला व्होल्टेज पाहून अंदाज बांधण्याची सवय असते, आणि त्या बॅटरीच्या बाबतीत ती सवय बऱ्यापैकी चालून जाते, कारण बॅटरी रिकामी होत जाईल तसे तिचे व्होल्टेजही हळूहळू उतरत जाते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये हे घडत नाही. पूर्ण भरलेल्या सेलचे व्होल्टेज चार्जिंग थांबल्यावर थोड्याच वेळात ३.४ च्या खाली येते, आणि त्यानंतर साधारण ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंतचा सगळा प्रवास ३.३५ ते ३.२ व्होल्ट एवढ्याशा पट्ट्यात होतो. १६ सेलच्या बॅटरीत याचा अर्थ असा की ५३.६ आणि ५१.२ व्होल्ट यांच्यामध्येच जवळजवळ सगळी वापरण्याजोगी वीज सामावलेली असते. त्यातच पंप सुरू झाला की व्होल्टेज अर्धा-एक व्होल्ट खाली बसते आणि ऊन आले की तेवढेच वर चढते. भाराने होणारा हा चढउतार खऱ्या शिलकीमुळे होणाऱ्या बदलाला पूर्णपणे झाकून टाकतो. इन्व्हर्टरच्या पुढच्या पट्टीवर बॅटरीचे चार-पाच दिवे दाखवणारी सोय असते ती व्होल्टेजवरच चालते, म्हणून लिथियमच्या बाबतीत ती पाहणे मी पूर्णपणे बंद केले आहे.

या सपाटपणाचे कारण त्या रसायनाच्या स्वभावातच आहे. चार्ज किंवा डिस्चार्ज होताना धन ध्रुवाच्या द्रव्यात लिथियम असलेली आणि लिथियम नसलेली अशा दोन अवस्था शेजारी शेजारी नांदतात आणि फक्त त्यांचे प्रमाण बदलत जाते, त्यामुळे व्होल्टेज जवळपास तेच राहते. हे द्रव्य बॅटरीसाठी वापरता येईल, हे टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून १९९७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्या शोधनिबंधाच्या लेखकांत ए. के. पाढी व के. एस. नंजुंडस्वामी ही नावे आहेत, याचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही म्हणून मुद्दाम करतो. गुडइनफ यांना लिथियम आयन बॅटरीवरील एकूण कार्यासाठी २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासोबत मिळाले.

व्होल्टेजवरून काही कळत नसेल तर उरतो तो एकच मार्ग, आणि तो म्हणजे बॅटरीत गेलेला व बॅटरीतून आलेला प्रत्येक अँपिअर मोजत राहणे. स्मार्टशंट नेमके हेच करतो. त्याच्या पोटात अत्यंत कमी रोधाची एक पट्टी आहे. तिच्यातून ५०० अँपिअर प्रवाह गेला तर तिच्या दोन टोकांमध्ये ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो, म्हणजे तिचा रोध ०.१ मिलिओहम आहे. हा सूक्ष्म फरक मोजून उपकरण प्रवाह ठरवते आणि काळाशी गुणून जमाखर्च मांडत जाते. किराणा दुकानातला मुनीम गोदामात डोकावत नाही, आत आलेली आणि बाहेर गेलेली पोती वहीत लिहीत राहतो आणि त्यावरून शिल्लक सांगतो, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच वहीची सुरुवात चुकीच्या शिलकीने झाली, किंवा एखाद्या दारातून माल नोंदीविना बाहेर गेला, तर पुढचे सगळे आकडे चुकतात. शंटबाबतच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन गोष्टींत सापडते.

नोंदीविना माल जाणारे दार म्हणजे चुकीची निगेटिव्ह जोडणी. शंट निगेटिव्ह बाजूला बसतो. त्याच्या एका बोल्टवर फक्त बॅटरीचा निगेटिव्ह असला पाहिजे आणि इन्व्हर्टर, चार्ज कंट्रोलर, डीसी दिवे, राउटरचा कन्व्हर्टर अशा बाकी सगळ्यांचे निगेटिव्ह दुसऱ्या बोल्टवर किंवा तिथून निघालेल्या बसबारवर (धातूच्या सामाईक पट्टीवर) आले पाहिजेत. वायरमनला हे आधी समजावून सांगावे लागते, कारण जुन्या बॅटरीच्या टर्मिनलवर थेट लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) चढवण्याची सवय पक्की असते, आणि एखादी बारीक वायर जरी बॅटरीच्या टर्मिनलवरच राहिली तरी तिच्यातून जाणारा प्रवाह शंटला कधीच दिसत नाही. शंटला स्वतः चालण्यासाठी लागणारी वीज पॉझिटिव्हवरून येणाऱ्या एका बारीक लाल केबलने मिळते. ती केबल फ्यूजसह पेटीतच येते आणि उपकरण स्वतः एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह घेते. ते ६.५ ते ७० व्होल्टपर्यंत चालत असल्यामुळे १२, २४ आणि ४८ व्होल्टच्या मांडणीला तेच एक मॉडेल पुरते, ही मला आवडलेली गोष्ट आहे, कारण पुढे बॅटरी बदलली तरी मोजणारे उपकरण बदलावे लागत नाही.

जोडणीचा विषय निघालाच आहे तर सुरक्षिततेचे एक-दोन शब्द टाळता येत नाहीत. शंट हा फ्यूज नव्हे. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, टर्मिनलच्या शक्य तितक्या जवळ, डीसीसाठीच बनवलेला आणि मोठा शॉर्टसर्किट प्रवाह तोडू शकणारा फ्यूज हवाच, कारण लिथियम बॅटरी शॉर्ट झाल्यास क्षणभरात हजारो अँपिअर देऊ शकते. घरातल्या एसी डिस्ट्रिब्यूशन बोर्डातला एमसीबी या कामासाठी वापरणे धोक्याचे आहे, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी स्वतःहून विझत नाही. तीन केव्हीएच्या इन्व्हर्टरला पूर्ण भारावर ४८ व्होल्टच्या बाजूने साठ-सत्तर अँपिअर लागतात, म्हणून मी २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल वापरली आणि तिचे लग हायड्रॉलिक क्रिम्पिंग करून घेतले. हातोडीने ठोकून बसवलेला लग बाहेरून चांगला दिसला तरी भाराखाली तापतो.

आता सेटिंगकडे वळतो, कारण या परीक्षणाचा गाभा तिथेच आहे. शंटला स्वतःचा पडदा नाही, सगळे काही फोनवरील व्हिक्ट्रॉनकनेक्ट या ॲपमधून ब्लूटूथने पाहावे आणि बदलावे लागते. पहिल्यांदा जोडल्यावर ॲपमध्ये बॅटरीची क्षमता २०० अँपिअर-तास, पॉयकर्ट घातांक (मोठ्या प्रवाहाला बॅटरीची क्षमता किती घटते हे सांगणारा आकडा) १.२५, चार्जिंगची कार्यक्षमता ९५ टक्के आणि डिस्चार्जची तळरेषा ५० टक्के असे आकडे आढळतात. हे आकडे लेड-ॲसिड बॅटरी डोळ्यांपुढे ठेवून भरलेले आहेत. लिथियमसाठी त्यांतला एकही तसाच ठेवता येत नाही.

पॉयकर्टचा आकडा किती फरक पाडतो हे उदाहरणाने स्पष्ट होईल. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा वीस तासांचा दर, म्हणजे तिला वीस तासांत रिकामी करणारा प्रवाह, ५ अँपिअर. घरात मिक्सर आणि पंप मिळून २० अँपिअर ओढले जात असतील, तर १.२५ घातांक धरणारे सूत्र प्रत्यक्षात गेलेल्या विजेपेक्षा सुमारे ४१ टक्के अधिक खर्च गृहीत धरते, कारण लेड-ॲसिड बॅटरी मोठ्या प्रवाहाला खरोखरच तेवढी कमी क्षमता देते. लिथियममध्ये हा परिणाम नगण्य आहे. घातांक १.०५ ठेवला की त्याच भाराला वाढीव खर्च सुमारे ७ टक्क्यांवर येतो. म्हणजे फक्त क्षमता बदलून बाकी मूळ सेटिंगवर ठेवलेला शंट बॅटरी निम्मी भरलेली असतानाच ती संपत आल्याचे सांगेल, घरमालक घाबरून जनरेटर सुरू करेल, आणि दोष मात्र बॅटरीच्या माथी मारला जाईल. चार्जिंगची कार्यक्षमता ९९ टक्के ठेवावी, कारण लिथियम आयर्न फॉस्फेट जवळजवळ घातलेला सगळा प्रवाह परत देते. डिस्चार्जची तळरेषा मी २० टक्क्यांवर ठेवली आहे. तिचा संबंध मुख्यतः ‘किती वेळ पुरेल’ या अंदाजाशी आहे, प्रत्यक्ष वीज ती तोडत नाही.

सर्वांत नाजूक सेटिंग आहे ते बॅटरी पूर्ण भरली हे ओळखण्याचे. व्होल्टेज एका ठरलेल्या पातळीच्या वर आहे आणि चार्जिंगचा प्रवाह ठरलेल्या टेल करंटच्या, म्हणजे चार्जिंगच्या शेवटी उरणाऱ्या बारीक प्रवाहाच्या, खाली आला आहे, या दोन्ही अटी काही मिनिटे सलग पाळल्या गेल्या की शंट शिल्लक १०० टक्के मानून वही नव्याने सुरू करतो. टेल करंट मुळात क्षमतेच्या ४ टक्के, म्हणजे आमच्या बॅटरीसाठी ४ अँपिअर, आणि कालावधी तीन मिनिटे असतो. विजेच्या लाइनवरच्या चार्जरसाठी हे पुरते, पण सौरऊर्जेत ढग हा तिसरा घटक येतो. समजा ही व्होल्टेजची पातळी ५३ व्होल्ट ठेवली, तर बॅटरी ७० टक्क्यांवर असताना चांगले ऊन पडून व्होल्टेज ५३.६ पर्यंत गेले आणि तेवढ्यात ढग येऊन प्रवाह ३ अँपिअरवर घसरला, की शंट आनंदाने १०० टक्के जाहीर करतो. म्हणून ही पातळी फ्लोटच्या (भरलेली बॅटरी तशीच राखणाऱ्या) नव्हे, तर चार्जिंगमधील सर्वांत उंच, म्हणजे अ‍ॅब्सॉर्प्शनच्या व्होल्टेजच्या किंचित खाली ठेवली पाहिजे. आमचा चार्ज कंट्रोलर ५६.४ व्होल्टपर्यंत नेतो, म्हणून शंटमध्ये मी ५६ व्होल्ट ठेवले. तेव्हापासून ढगांमुळे खोटे १०० टक्के दिसणे थांबले. दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शंटला बॅटरीतला निव्वळ प्रवाह दिसतो, त्यामुळे पॅनल २० अँपिअर देत असताना पंप १७ अँपिअर खात असेल तर त्याला तीनच अँपिअर दिसतात, आणि व्होल्टेजची पातळी उंच ठेवल्याशिवाय या परिस्थितीतही तो फसू शकतो.

नवा शंट जोडल्याबरोबर जो टक्का दिसतो त्यावर विश्वास ठेवू नये. बॅटरी एकदा पूर्ण भरून घ्यावी आणि त्यानंतरचे आकडे खरे मानावेत. तसेच सर्व भार व चार्जिंग बंद करून शून्य प्रवाहाचे कॅलिब्रेशन करण्याची सोय ॲपमध्ये आहे, पण ती सरसकट वापरण्याची गरज नाही. प्रवाह खरोखर शून्य आहे याची खात्री नसताना ती वापरली तर उलट कायमची चूक आत शिरते.

पावसाळ्यात या उपकरणाची खरी परीक्षा होते. मार्चमध्ये आमची बॅटरी दुपारपर्यंत भरते आणि शंटची वही रोज नव्याने सुरू होते, त्यामुळे छोट्या चुका साचायला वेळच मिळत नाही. जुलैमध्ये मात्र दाट ढगांत पॅनल आपल्या क्षमतेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे काम करतात, आणि अनेक दिवस बॅटरी भरण्याच्या जवळपासही जात नाही. अशा वेळी शंटमधील आणखी एक सेटिंग महत्त्वाचे ठरते. ०.१ अँपिअरपेक्षा लहान प्रवाह शून्य धरावा, अशी एक मर्यादा मुळात ठेवलेली असते. १२ व्होल्टच्या मांडणीत ०.१ अँपिअर म्हणजे जेमतेम सव्वा वॉट, पण ५१.२ व्होल्टला तेच पाच वॉट होतात. घर बंद ठेवून, इन्व्हर्टरही बंद करून केवळ राउटर किंवा एखादा सेन्सर चालू ठेवला, तर त्याचा खर्च या मर्यादेखाली राहून नोंदलाच जात नाही. दिवसाला २.४ अँपिअर-तास, आठवड्याला जवळजवळ १७, म्हणजे आमच्या बॅटरीचा सहावा हिस्सा नकळत निघून जाऊ शकतो. मी ही मर्यादा कमी करून ०.०२ अँपिअरवर आणली. उपकरणाची मोजण्याची सूक्ष्मता ०.०१ अँपिअर असल्यामुळे हे शक्य आहे.

या उपकरणाने मला दिलेली सर्वांत मोलाची माहिती शिलकीची नव्हतीच. रात्री घरातले सगळे दिवे बंद असताना प्रवाह उणे ०.८ अँपिअरच्या आसपास दिसला, तेव्हा कळले की इन्व्हर्टर नुसता चालू असण्यासाठीच सुमारे ४० वॉट घेतो. चोवीस तासांत हे जवळजवळ एक युनिट होते, आणि ५.१ युनिटच्या बॅटरीत रोज एक युनिट केवळ वाट पाहण्यात जात असेल तर पावसाळ्यात ते परवडणारे नाही. त्यानंतर दिवे, राउटर आणि फोनचे चार्जर डीसी कन्व्हर्टरवर नेले व रात्री इन्व्हर्टर बंद ठेवण्याची पद्धत घरात बसवली. फ्रीजच्या बाबतीत मात्र पावसाळ्यापुरता वेगळा विचार करावा लागतो, आणि तो प्रत्येक घराने आपापल्या गरजेनुसार करावा. नवी पॅनल घेण्याआधी असा रात्रीचा प्रवाह मोजून पाहावा, असे मी ऑफ-ग्रिड घर असणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

शंटच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. त्याला एकूण व्होल्टेज दिसते, एकेक सेल दिसत नाही. १६ सेलपैकी एक सेल इतरांच्या आधी ३.६५ व्होल्टला पोहोचला किंवा आधी २.५ पर्यंत उतरला, तर एकूण आकडा निर्दोष दिसत असतानाही बॅटरी संकटात असू शकते. ते पाहण्याचे आणि वेळ आल्यास बॅटरी तोडण्याचे काम बॅटरीतील बीएमएसचेच (सेलवर देखरेख ठेवणाऱ्या सर्किटचेच) आहे. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर शंटच्या जादा टर्मिनलवर मधल्या बिंदूचे व्होल्टेज घेऊन दोन अर्ध्यांतील फरक पाहता येतो, पण त्याच टर्मिनलवर तापमानाचा सेन्सर जोडायचा झाल्यास दोहोंपैकी एकच निवडावे लागते, आणि एकाच पेटीत बंद असलेल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीत मधला बिंदू बाहेर मिळतच नाही. बीएमएसमध्येही टक्केवारी दाखवण्याची सोय असते, मग वेगळा शंट कशाला, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या अनुभवात बीएमएसची टक्केवारी मोठ्या प्रवाहाला ठीक असते, पण रात्रीचे बारीक प्रवाह नीट न मोजल्याने ढगाळ आठवड्यात ती शंटच्या आकड्यापासून बरीच दूर जाते. म्हणून सेलसाठी बीएमएस आणि शिलकीसाठी शंट, अशी कामाची वाटणी मी मानतो.

स्मार्टशंटला पडदा, भोंगा किंवा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) यांपैकी काहीच नाही. ज्या घरात वडीलधारी माणसे फोनमधले ॲप उघडत नाहीत, तिथे भिंतीवर आकडा दिसणे ही खरी गरज असते, आणि तशा घराने त्याच कंपनीचे बीएमव्ही-७१२ हे मॉडेल घ्यावे, कारण त्यात गोल पडदा आहे आणि शिल्लक ठरावीक टक्क्यांखाली गेल्यावर जनरेटर सुरू करण्यासारख्या कामासाठी रिलेही आहे. मोजणी दोघांचीही सारखीच आहे. ब्लूटूथचा पल्ला जाड दगडी भिंतीपलीकडे किंवा पत्र्याच्या कपाटातून फारसा मिळत नाही, म्हणून बॅटरीची खोली घरापासून दूर असेल तर व्हीई डायरेक्ट पोर्टचा (तारेने माहिती बाहेर देणाऱ्या जोडणीचा) विचार करावा लागतो. त्या पोर्टमधून बाहेर येणाऱ्या माहितीची रचना कंपनीने खुली ठेवली आहे, त्यामुळे थोडे प्रोग्रॅमिंग येणारा माणूस एखाद्या छोट्या संगणकावर आकडे घेऊन घरातच नोंद ठेवू शकतो. शेतघरात राहून अशी कामे करणाऱ्या तरुणांसाठी ही मोठी सोय आहे.

‘किती वेळ पुरेल’ हा आकडा पाहून सुरुवातीला गोंधळ होतो. तो गेल्या काही मिनिटांच्या सरासरी भारावर आधारलेला असल्याने पंप सुरू होताच चार तास आणि पंप बंद होताच चाळीस तास, अशा उड्या मारतो. सरासरीचा कालावधी वाढवून ठेवला तर त्या थोड्या कमी होतात, पण निर्णय घेताना मी टक्केवारी आणि खर्च झालेले अँपिअर-तास यांवरच भर देतो.

चार्जिंगचे आकडे हा शंटचा विषय नसला तरी त्याच्या नोंदी चार्जिंग चुकत असल्याचे लगेच दाखवतात, म्हणून इथेच सांगतो. लेड-ॲसिडसाठी ठेवलेला इन्व्हर्टर किंवा कंट्रोलर लिथियमवर तसाच वापरू नये. इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठी अधूनमधून मुद्दाम जादा व्होल्टेज देण्याची सोय) बंद केले पाहिजे, तापमानानुसार व्होल्टेज कमीजास्त करण्याची सोयही बंद केली पाहिजे. १६ सेलच्या बॅटरीला ५६ ते ५६.८ व्होल्ट अ‍ॅब्सॉर्प्शन आणि ५४ च्या आसपास फ्लोट पुरेसे आहे. सेलची कमाल मर्यादा ३.६५ असली तरी तिथपर्यंत रोज जाण्याने वाढणारी क्षमता नगण्य असते, आणि थोडासाही असमतोल असेल तर एखादा सेल मर्यादा ओलांडून बीएमएसला चार्जिंग तोडायला लावतो. कंट्रोलर भर प्रवाह देत असताना बीएमएसने अचानक बॅटरी तोडली की डीसी बाजूचे व्होल्टेज उसळी मारते आणि इन्व्हर्टरचे नुकसान होऊ शकते. शंटच्या इतिहासात सर्वाधिक व्होल्टेजचा आकडा साठवलेला असतो. तो ठरवलेल्या अ‍ॅब्सॉर्प्शनपेक्षा बराच वर दिसला तर कुठेतरी हेच घडले आहे, असे समजून सेलची व्होल्टेज तपासावीत.

त्याच इतिहासात शेवटची पूर्ण चार्जिंग किती दिवसांपूर्वी झाली हेही दिसते, आणि पावसाळ्यात मी सर्वांत जास्त पाहतो तो हाच आकडा. बहुतेक बीएमएस सेलचा समतोल साधण्याचे काम सेल जवळजवळ भरल्यावरच सुरू करतात, त्यामुळे आठवडेच्या आठवडे बॅटरी मधल्या पट्ट्यातच राहिली तर सेलमधील तफावत वाढत जाते आणि शंटची वहीही दुरुस्त होत नाही. म्हणून ढगाळ काळ लांबला की जनरेटर लावून एकदा पूर्ण भरून घेणे मला योग्य वाटते. उलट कडक उन्हाळ्यात, घर बंद ठेवून जायचे असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सेल लवकर म्हातारे होतात, म्हणून निम्म्याच्या आसपास ठेवून, सर्व भार तोडून जावे. गोठणबिंदूखाली चार्जिंग करू नये हा नियम आपल्या सह्याद्रीत लागू पडत नाही, पण लडाख किंवा हिमाचलात असे घर असणाऱ्या मराठी वाचकांनी तो जरूर पाळावा, कारण त्या थंडीत चार्ज केल्यास ऋण ध्रुवावर धातुरूप लिथियम साचते आणि ते नुकसान भरून येत नाही.

देखभालीत शंटला फारसे काही लागत नाही, पण त्याच्या बोल्टना लागते. आमच्याकडच्या दमट हवेत तांब्याच्या लगवर हिरवट थर चढतो, रोध वाढतो आणि सांधा गरम होतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर वीज पूर्ण तोडून, इन्सुलेशन असलेल्या पान्याने बोल्ट तपासावेत, पृष्ठभाग स्वच्छ करून पुन्हा आवळावेत आणि बॅटरीच्या पेटीला पाली, मुंग्या आत जाणार नाहीत अशी जाळी लावावी. ओलाव्याची जागाच असेल, उदाहरणार्थ होडीवर किंवा उघड्या पडवीत, तर याच शंटची धूळ व पाण्यापासून बचाव असलेली आयपी६५ दर्जाची आवृत्तीही मिळते. शंटच्या आकड्याची पडताळणी डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने अधूनमधून करावी. एसीपुरता असलेला स्वस्त क्लॅम्प मीटर इथे उपयोगी नाही.

नव्या बॅटरीच्या खरेदीत तर शंट हा उत्तम साक्षीदार ठरतो. बॅटरी पूर्ण भरून, एक हजार वॉटच्या हीटरसारखा स्थिर भार लावला तर ४८ व्होल्टच्या बाजूने साधारण २० ते २२ अँपिअर जातात, आणि १०० अँपिअर-तासांची बॅटरी साडेचार-पाच तासांत रिकामी होते. सेल २.८ व्होल्टच्या आसपास येताच भार काढावा आणि खर्च झालेले अँपिअर-तास वाचावेत. पेटीवर लिहिलेली क्षमता खरोखर आत आहे की नाही, हे एका दुपारी कळते, आणि हमीच्या मुदतीत विक्रेत्याशी बोलताना अंदाजाऐवजी नोंद हाती असते. दरवर्षी पावसाळ्यानंतर हीच चाचणी केली तर बॅटरी किती झिजते आहे, याचीही माहिती मिळते.

हे उपकरण कोणी घ्यावे, याबाबत माझे मत असे आहे. फक्त लोडशेडिंगपुरता इन्व्हर्टर असलेल्या आणि लाइनवरून रोज बॅटरी भरणाऱ्या घराला याची गरज नाही, तिथे बीएमएसची टक्केवारी पुरते. १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी आणि दोन दिवे एवढीच मांडणी असेल तर शंटची किंमत बॅटरीच्या मानाने जास्त वाटेल, आणि तिथे हे पैसे आणखी एका पॅनलला लावणे शहाणपणाचे. पण ज्याचे घर पूर्णपणे सौरऊर्जेवर आहे, ज्याच्या भागात ढग आठवडाभर हटत नाहीत आणि ज्याने लिथियम बॅटरीवर मोठी रक्कम घातली आहे, त्याने शंट बॅटरीसोबतच घ्यावा, नंतर नव्हे, कारण सर्व निगेटिव्ह एका जागी आणण्याचे काम पहिल्याच जोडणीत सोपे जाते. समांतर दोन-तीन बॅटऱ्या असतील तरी सगळ्यांच्या एकत्र निगेटिव्हवर एकच शंट पुरतो, फक्त ॲपमध्ये क्षमता एकूण बेरजेची भरावी लागते. कंपनीची हमी पाच वर्षांची आहे, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून, पक्के बिल घेऊनच खरेदी करावी.

पेटीसोबत येणारी माहितीपत्रिका त्रोटक आहे, पण कंपनीच्या संकेतस्थळावरील सविस्तर पुस्तिका उत्तम आहे, आणि तिच्यातील सेटिंगचे प्रकरण वाचल्याशिवाय कोणीही हा शंट वापरात आणू नये. ती पुस्तिका मराठीत असती तर आमच्या भागातील वायरमन मंडळींना तिचा थेट उपयोग झाला असता. सध्या मी आमच्या सेटिंगचे आकडे मराठीत लिहून बॅटरीच्या खोलीतील दाराला आतून चिकटवले आहेत, म्हणजे माझ्या गैरहजेरीत कोणाला उपकरण पुन्हा सुरू करावे लागले तर क्षमता, पॉयकर्ट, कार्यक्षमता, पूर्ण चार्जचे व्होल्टेज आणि किमान प्रवाह हे पाच आकडे तो न विचारता भरू शकेल.